जुन्या पॉकेट वॉचची डायल काढताना

पॉकेट वॉच उघडायला शिकणाऱ्या माणसाच्या हातून पहिला बळी जातो तो बहुतेक वेळा डायलचा. चाकं मिळतात, स्क्रू मिळतात, शोधली तर काचही मापाची मिळून जाते. पण पांढऱ्या एनॅमल डायलचा एकदा कपचा उडाला की तो परत बसत नाही. ही डायल म्हणजे तांब्याच्या पातळ चकतीवर भट्टीत वितळवून चढवलेली काच. खालचं तांबं थोडंफार वाकतं, वरची काच वाकत नाही, ती तडकते. त्यामुळे डायल जोर लावून काढायची नसते. तिला धरून ठेवणारं सगळं सोडवलं की ती आपली आपण उचलली जाते. उचलली जात नसेल तर काहीतरी अजून अडकलेलं आहे.

मी इथे मुख्यतः वॉल्थम आणि एल्जिन या अमेरिकन घड्याळांबद्दल लिहितोय. मापाने १६ किंवा १८ साइज, वर झाकण नसलेली, सहाच्या जागी छोटा सेकंदकाटा असलेली. ही जगभर लाखोंनी खपली, जुन्या बाजारात अजून सापडतात आणि शिकायला सगळ्यांत सोपी आहेत. आपल्याकडच्या घरांतून स्विस घड्याळंही बरीच निघतात, वेस्ट एंड वॉच कंपनीची विशेषतः. त्यांत जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

डायल काढायलाच हवी का?

नुसती धूळ दिसते म्हणून काढू नका. ती फुग्याने उडवली तरी पुरे. काढायची वेळ खरोखर येते ती अशी: घड्याळ पूर्ण सोडून साफ करायचं आहे, यंत्र चालतंय पण काटे जागचे हलत नाहीत, काटे जुळवताना नुसते सैल फिरतात, किंवा डायलच डावी-उजवीकडे सरकते. शेवटच्या प्रकारात तर अनेकदा डायल उतरवावीही लागत नाही, बाजूचा एखादा स्क्रू सैल झालेला असतो.

आधी एक इशारा

आकडे किंवा काटे अंधारात चमकावेत म्हणून त्यांवर पिवळट-तपकिरी लेप असेल, तर थांबा. विसाव्या शतकाच्या पहिल्या पाच-सहा दशकांतल्या अशा लेपात रेडियम असू शकतं. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी पॉकेट वॉचवर ते हमखास भेटतं. आता चमकत नाही म्हणजे संपलं, असं नाही. चमकणारी पूड थकलेली असते, रेडियम नाही. त्याचं अर्धं प्रमाण उरायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. घड्याळ बंद असताना तो लेप काचेमागे असतो. काच काढून आपण काट्यांना धक्के देऊ लागलो की त्याची भुकटी टेबलावर आणि तिथून नाकात जाते. असलं घड्याळ घरी उघडू नका. नवशिक्याने तर नाहीच.

लागणारं सामान

– ०.८, १.० आणि १.२ मिमी पात्याचे पेचकस. पातं स्क्रूच्या खाचेत पूर्ण भरलं पाहिजे. बाजारातल्या स्वस्त संचाची पाती मऊ असतात, पिळली जातात आणि सोबत खाचही खातात. दहा पेचकसांच्या संचापेक्षा चांगले तीन घ्या.
– काटे काढायच्या लिव्हरची जोडी. हिच्याऐवजी चाकू, ब्लेड, चमचा काही चालत नाही.
– मशीन, म्हणजे घड्याळाचं आतलं यंत्र, धरायचा होल्डर, पॉकेट वॉचच्या मापाचा.
– डोळ्याला लावायचं भिंग, पाच पट असलं तरी पुष्कळ.
– बारीक टोकाचा चिमटा.
– बोटांवर चढवायची रबरी टोपणं. घामाचा ठसा धातूवर गंज होऊन उरतो, आणि पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत असाल तर तो उरायला वेळही लागत नाही.
– पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा. जाडसर झिप पिशवी कापून होतो.
– टूथपिक, हवा मारायचा रबरी फुगा, झाकणाचे छोटे डबे, आणि फोटो काढायला फोन.

टेबलावर पांढरं कापड अंथरा, त्याची पुढची कड आपल्या मांडीवर येऊ द्या. निसटलेला स्क्रू फरशीवर न जाता कापडात पडतो. आणि पंखा बंद करा. हे हसण्यावारी नेऊ नका: डायलखाली एक पितळी वॉशर असतो, तो कागदाहून पातळ असतो आणि पंख्याच्या वाऱ्यावर उडतो.

पहिलंच घड्याळ आजोबांचं घेऊ नका. पुण्याच्या जुन्या बाजारात नाहीतर मुंबईच्या चोर बाजारात बंद पडलेली मशीनं मिळतात. त्यातलं एक घ्या आणि त्यावर हात बसवा.

१. घड्याळ ओळखा

मागचं झाकण उघडून मशीनवर कोरलेला नंबर लिहून घ्या. झाकणाच्या आतही एक नंबर असतो, तो केसचा, म्हणजे बाहेरच्या धातूच्या डबीचा. अमेरिकेत मशीन एका कारखान्यात आणि केस दुसऱ्या, असा प्रकार सर्रास होता. दुकानदार दोन्ही जोडून गिऱ्हाइकाला द्यायचा. केसच्या नंबरावरून घड्याळाचं साल शोधायला गेलात तर भलतंच उत्तर मिळेल. मशीनच्या नंबरावरून मॉडेल कळतं, आणि मॉडेल कळलं की डायलचे स्क्रू कुठे आहेत तेही कळतं.

झाकणाच्या आत टोकदार सुईने कोरलेले बारीक आकडे-अक्षरं दिसतील. त्या जुन्या कारागिरांच्या दुरुस्तीच्या खुणा. बऱ्याच असतील तर समजा की हे घड्याळ अनेक हातांतून गेलंय, आणि आत कुणाचा काय जुगाड निघेल सांगता येत नाही.

२. चावी संपू द्या, काटे बारावर आणा

मुख्य स्प्रिंगमध्ये ताण असताना काम करायचं नाही. नवशिक्यासाठी सोपा मार्ग म्हणजे चावी देणं थांबवून घड्याळ आपोआप बंद पडू देणं. चालत नसलेल्या घड्याळात मात्र ताण तसाच कोंडलेला असू शकतो; तो सोडायचा तर क्राऊन (चावी द्यायचं बोंड) बोटांत घट्ट धरून खटका, म्हणजे चावी उलटी फिरू न देणारा अडसर, बाजूला करायचा आणि क्राऊन हळूहळू उलटा फिरू द्यायचा. हे आधी कुणाकडून बघून घ्या.

मग दोन्ही मोठे काटे बारावर एकमेकांवर आणा. हे आत्ताच करा, कारण मशीन केसबाहेर आलं की काटे फिरवायला क्राऊन हाताशी नसतो. बारावरच का, तर लिव्हर लावताना खाली सेकंदांची बुडवलेली छोटी डायल येऊ नये म्हणून.

क्राऊन ओढून काटे फिरत नसतील तर जबरदस्ती नको. घड्याळ लिव्हर-सेट असेल. समोरची काच आटे फिरवून काढा आणि डायलच्या कडेला, बऱ्याचदा एक-दोनच्या आसपास, बारीक धातूची जीभ दिसते का बघा. ती नखाने बाहेर ओढली की काटे फिरतात. रेल्वेच्या घड्याळांत ही सोय मुद्दाम असे, म्हणजे खिशातून काढताना क्राऊन चुकून ओढला जाऊन वेळ बदलायला नको. एप्रिल १८९१ मध्ये ओहायोतल्या किप्टनला दोन गाड्यांची टक्कर झाली आणि त्यात एका घड्याळाच्या चार मिनिटं मागे पडण्याला दोष दिला गेला. त्यानंतर वेब बॉल या घड्याळजीने अमेरिकन रेल्वेसाठी कडक तपासणीची पद्धत घालून दिली. वरून साध्या दिसणाऱ्या या घड्याळांची आतली बनावट इतकी भक्कम का, ते त्यावरून लक्षात येतं.

काटे जुळवून झाले की जीभ पुन्हा आत ढकला. बाहेर राहिली तर मशीन केसमधून निघताना कडेवर अडकेल.

३. मशीन केसबाहेर काढा

क्राऊन टक् होईपर्यंत बाहेर ओढा. अमेरिकन घड्याळात क्राऊनची दांडी केसमध्येच राहते, मशीनबरोबर येत नाही. ओढल्यावर तिचं टोक मशीनमधून सुटतं. मागच्या बाजूला मशीनच्या अगदी कडेला दोन स्क्रू असतात, त्यांची डोकी केसच्या काठावर चढलेली असतात. डोकं पूर्ण गोल असेल तर स्क्रू सोडा. अर्धं कापलेलं असेल तर फक्त अर्धा वळसा द्या, म्हणजे कापलेली बाजू केसकडे येऊन मशीन मोकळं होतं.

इथला सापळा असा की मागून बघताना खूप स्क्रू दिसतात आणि सगळेच आपल्याला बोलावतात. कडेचे ते दोन सोडून एकालाही हात लावू नका. बाकीचे चाकांवरचे पूल, म्हणजे चाकं जागेवर ठेवणाऱ्या पट्ट्या, धरून असतात.

काच काढलेली आहे याची खात्री करा, मशीन मागून अंगठ्याने अलगद समोर ढकला आणि दुसरा हात खाली धरा. १६ साइजचं मशीन साधारण ४३ मिमी व्यासाचं आणि १८ साइजचं ४५ मिमीचं, हातात चांगलं वजनदार लागतं.

स्विस घड्याळात बहुधा उलट असतं: दांडी मशीनच्या बाजूची. दांडीजवळचा छोटा स्क्रू एक-दोन वळसे सैल करून क्राऊन दांडीसकट बाहेर ओढायचा. स्क्रू पूर्ण काढलात तर डायलखालचा एक भाग सुटून पडतो. जुन्या इंग्लिश घड्याळाचं मशीन बाराजवळच्या बिजागरीवर असतं आणि सहाजवळची खिट्टी दाबली की दारासारखं बाहेर येतं. त्यात स्प्रिंगभोवती साखळी असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

४. काटे काढा

मशीन होल्डरमध्ये, डायल वर. प्लॅस्टिकच्या तुकड्याला मध्यापर्यंत चीर द्या आणि तो काट्यांखाली, डायलवर सरकवा. लिव्हर प्लॅस्टिकवर टेकतील, एनॅमलवर नाही.

दोन्ही लिव्हरची टोकं तासकाट्याच्या मधल्या गोलाखाली समोरासमोर घाला. दोन्ही हात एकदम, सारखेच दाबा. दोन्ही काटे एकत्र सरळ वर येतात. वरून एक बोट अलगद ठेवलं किंवा दुसरं प्लॅस्टिक पांघरलं तर ते उडत नाहीत. एका बाजूने उचकटू नका. त्याने काटा वाकतो, आणि लिव्हर घसरली तर मध्यभागाच्या भोकापाशी डायल फुटते. जुन्या डायलींवर बारीक तडे त्या भोकापासूनच निघालेले दिसतात ते उगीच नाही.

चावी वेगळी घालून चालणाऱ्या काही जुन्या स्विस घड्याळांत मिनिटकाटा मशीनच्या आरपार गेलेल्या दांड्यावर बसलेला असतो आणि मागे त्या दांड्याचं चौकोनी टोक दिसतं. तसं असेल तर लिव्हर लावू नका. त्याची रीत वेगळी आहे, ते काम कारागिराकडे द्या.

आता सेकंदकाटा. मला विचाराल तर या सगळ्या कामात भीती बाळगावी ती इथेच. हा काटा चौथ्या चाकाच्या लांब केलेल्या टोकावर नुसता दाबून बसवलेला असतो, आणि ते टोक शिवणाच्या सुईच्या टोकाइतकं नाजूक. काटा तिरका ओढला की टोक आतच मोडतं, आणि मग चाक बदलणं किंवा त्याला नवं टोक बसवणं आलं. भिंगातून बघा: काट्याच्या खाली बारीक नळी दिसेल. लिव्हर त्या नळीच्या दोन्ही बाजूंनी, काट्याच्या अगदी पोटाशी जाऊ द्या आणि केसभर उचला. थांबा. पुन्हा केसभर.

काही कारागीर सेकंदकाटा न काढता डायलबरोबरच उचलतात. त्यांना ते जमतं. पण ज्या डायलमध्ये सेकंदांची चकती वेगळी बनवून मागून जोडलेली असते, तिथे सगळा जोर त्या जोडावर येतो आणि चकती निखळते.

५. डायलचे स्क्रू शोधा

डायलच्या पाठीला तांब्याचे बारीक पाय असतात, अमेरिकन घड्याळात बहुधा तीन. ते मशीनच्या पत्र्यातल्या भोकांत उतरतात आणि कडेने आलेले स्क्रू त्यांना दाबून धरतात. मशीन डोळ्याच्या पातळीवर धरा, दिवा बाजूला ठेवा आणि हळूहळू फिरवत पत्र्याची कड बघा. कडेत बुडालेली स्क्रूची खाच दिसेल. तेलाच्या जुन्या थराखाली ती लपलेलीही असते, टूथपिकने पुसून घ्या. तिन्हींमधलं अंतर सारखं नसतं, त्यामुळे दोन सापडले म्हणून तिसरा अंदाजाने ठरवू नका. पूर्ण फेरी मारा.

स्क्रू दोन-तीन वळसे सैल करा, पूर्ण काढू नका. फार बारीक असतात. हलत नसेल तर टूथपिकच्या टोकावर भेदक तेलाचा जेमतेम थेंब लावा आणि रात्रभर ठेवा. स्प्रेने मारू नका, ते तेल चाकांत आणि बॅलन्समध्ये, म्हणजे मागेपुढे डोलणाऱ्या चाकात, जातं.

स्विस मशीनमध्ये स्क्रू कडेला दिसले नाहीत तर मागच्या बाजूने, पण अगदी काठाशी शोधा. त्यात एक प्रकार फसवा असतो: डोकं गोल नसून एका बाजूला कापलेलं, आणि फिरवलं की त्याची कड पायात रुतते किंवा सुटते. तो अर्धा वळसाच फिरवायचा. जास्त फिरवाल तर परत घट्ट.

इंग्लिश घड्याळांत स्क्रू नसतात, पायांतून आडव्या निमुळत्या पिना गेलेल्या असतात. बारीक टोकाकडून ढकलल्या की जाड बाजूने निघतात.

६. उचला

डायल दोन बोटांच्या टोकांत कडेने धरा आणि किंचित हलवून बघा. सगळे स्क्रू सुटले असतील तर ती हलकेच डुलते. मग एखाद्या पायाजवळ, डायल आणि पत्रा यांच्या फटीत टूथपिकची चपटी केलेली बाजू घाला आणि जेमतेम उचला. पुढच्या पायाकडे जा. पुन्हा तिसऱ्याकडे. पाय भोकांतून सरळ वर यायला हवेत. एक बाजू उंच गेली तर पाय वाकतो, आणि वाकलेला पाय सरळ करताना वरचं एनॅमल फुटतं. पेचकसाचं पातं फटीत घालू नका, कडेचे कपचे त्यानेच उडतात.

उचलत नाही? तर कारणं ठरलेली आहेत. एखादा स्क्रू राहिला. पाय वाकलेला आहे आणि भोकात अडतोय. किंवा पाय कधीच तुटलेत आणि कुणीतरी डायल चक्क चिकटवली आहे. कडेला पिवळा, काचेसारखा ओघळ दिसला तर हेच समजा. चिकटवलेल्या डायलशी घरी झटापट करण्यात अर्थ नाही.

डायल वर आली की घाईने बाजूला नेऊ नका. तिच्या पाठीला तो पितळी वॉशर चिकटून आलेला असतो आणि निम्म्या वाटेत पडतो. मशीन उलटंही करू नका: तासाचं चाक आणि शेजारचं मिनिटचाक नुसती ठेवलेली असतात, त्यांना काही धरून ठेवत नाही. आधी फोटो काढा. मग वॉशर, तासाचं चाक आणि मिनिटचाक चिमट्याने डबीत.

७. डायल ठेवणं आणि धुणं

डायल पायांवर टेकवू नका. फोमच्या तुकड्यात पाय रुतवून, चेहरा वर करून डबीत ठेवा. दुसरी डायल तिच्यावर नको.

एनॅमल असेल तर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचा थेंब टाकून मऊ ब्रशने धुता येते. तड्यांत काळी मळी बसलेली असेल तर कवळी साफ करायची गोळी पाण्यात टाकून त्यात थोडा वेळ ठेवा, बराच फरक पडतो. तडा जात नाही, फक्त दिसेनासा होतो. गरम पाण्यातून गार पाण्यात मात्र नको. कंपनीचं नाव कधी कधी भट्टीत न भाजता वरून रंगवलेलं असतं, म्हणून ब्रश आधी कडेला लावून बघा.

धातूची डायल असेल तर काहीही करू नका. एचएमटीची पॉकेट वॉच असो की चंदेरी स्विस डायल, फुग्याने हवा मारा आणि सोडून द्या. चिंच, पितांबरी, टूथपेस्ट, कोलन, सगळं वर्ज्य. आकडे पुसले जातात. परदेशातले संग्राहक आपल्याकडच्या पुन्हा रंगवलेल्या घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून नाकं मुरडतात. तसल्या डायलचा रंग तर ओल्या बोटालाही येतो.

८. परत बसवताना

क्रम उलटा: मिनिटचाक, तासाचं चाक, वॉशर. वॉशरचा फुगीर भाग वर, डायलकडे. पाय भोकांवर जुळवून डायल बोटांनी सपाट बसवा, मग स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे आवळा. एकच स्क्रू शेवटपर्यंत पिळलात तर डायल एका बाजूला ओढली जाते आणि पायाभोवती एनॅमल तडकतं. डायल हलत नाही एवढं घट्ट पुरे.

सेकंदकाटा सरळ वरून दाबा. तासकाटा बरोबर बारावर, त्यावर मिनिटकाटा. आता मशीन आडवं धरून बाजूने बघा: दोन्ही काट्यांमध्ये फट हवी, तासकाटा आणि सेकंदकाटा यांच्यामध्येही. मशीन केसमध्ये घालून काटे पूर्ण बारा तास फिरवा आणि प्रत्येक वेळी सहाजवळ थांबून बघा, कारण तिथेच ते एकमेकांना घासतात. काच शेवटी लावा, आणि लावल्यावर चावी देऊन एक दिवस घड्याळ चालू ठेवा. ते ठरावीक वेळेलाच थांबत असेल तर मिनिटकाट्याचं टोक काचेला लागतंय का ते आधी बघा.